चौथी नळी

दवाखान्यात कंपाउंडरनं खऱ्या नावानं पुकारलं की स्वेटरराव शेजारच्या माणसाकडे बघायचे, आणि शेजारचा उठला नाही की मग हळूच स्वतः उठायचे. त्यात त्यांची काही चूक नव्हती. चौतीस वर्षांत त्या नावानं त्यांना कुणी हाकच मारली नव्हती. संस्थेच्या तळघरातल्या ज्या खोलीचा कारभार त्यांच्याकडे होता, ती खोली बारा महिने तेरा त्रिकाळ चार अंशांवर ठेवलेली. बाहेर माणसं घामानं निथळत असली तरी हे आपले गळाबंद राखाडी स्वेटरात. कॅन्टीनमध्ये जेवायला यायचे तेही तसेच. काढायचा आणि परत घालायचा, एवढा उपद्व्याप कोण करणार!

त्या खोलीत काय होतं म्हणाल तर चिखल. हसू नका. समुद्राच्या तळाचा चिखल होता तो. जहाजावरून एक लांबलचक पोकळ नळी खाली सोडायची, ती तळात घुसवायची, गाळासकट वर ओढायची आणि दीड-दीड मीटरचे तुकडे करून जपून ठेवायची; या तुकड्यांनाही नळीच म्हणतात, वरून पहिली, दुसरी असं. तळावर गाळ थरावर थर साचत जातो, म्हणजे वरचा नवा आणि जितकं खाली जावं तितका जुना. त्या गाळात कवचं असतात. वाळूच्या कणाएवढी, शंखासारखी वळलेली, हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या इवल्याशा जिवांची. त्यातली एक जात मोठी गुणी. पाणी थंड असलं की तिची कवचं डावीकडे वळतात, उबदार असलं की उजवीकडे. चिमूटभर गाळ धुवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पसरायचा, ओल्या ब्रशच्या टोकानं तीनशे कवचं एकेक करून वेचायची, आणि डावी किती नि उजवी किती ते लिहायचं. समुद्र तेव्हा गार होता की कोमट, ते कळतं. डोळे जातात, मान आखडते, पण कळतं.

मात्र सगळी भिस्त एका गोष्टीवर. नळीचं वरचं टोक कोणतं आणि खालचं कोणतं? गाळाकडे बघून काही कळत नाही; इकडून बघा नाहीतर तिकडून, चिखल तो चिखल. म्हणून तुकडा कापल्या कापल्या टोपणं बसवतात. वरच्या टोकाला निळं, खालच्या टोकाला पांढरं. मग नळीवर लेबल. या कामात स्वेटररावांचा हात धरणारं कुणी नव्हतं. खोलीत चार हजार नळ्या होत्या आणि एकाही लेबलावर खाडाखोड नव्हती. घरीही तोच खाक्या. मिठाच्या बरणीवर ‘मीठ’, साखरेच्या बरणीवर ‘साखर’, आणि बायको एकदा वैतागून काहीतरी बोलली तेव्हा उरलेल्या एका बरणीवर ‘रिकामी’.

लग्नसुद्धा लेबलांवरच झालं होतं. नोकरीला लागून सहा महिने झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. पहिलीच सफर, आणि सफरीचे प्रमुख म्हणजे सर. सरांचा दरारा असा की ते जिन्यानं येताहेत म्हटल्यावर लोक लिफ्टनं जायचे. एका विद्यार्थ्याचा प्रबंध त्यांनी खिडकीतून बाहेर फेकला होता, असं सगळे सांगायचे. सर स्वतः ते साफ नाकारायचे. म्हणायचे, खिडकी बंद होती.

तर त्या दिवशी भर दुपारी नळी डेकवर आडवी ठेवलेली होती आणि स्वेटरराव करवतीनं तिचे तुकडे करत होते. चौथा तुकडा कापून झाला. दोन्ही हातांनी छातीशी आडवा धरून त्यांनी तो उचलला, आणि तेवढ्यात मागून सरांचा आवाज आला.

“तुझं कुठं जमलंय का रे?”

स्वेटरराव नळीसकट गर्रकन वळले. “कशाचं, सर?”

“लग्नाचं.”

“नाही, सर.”

“माझी मुलगी आहे. महिनाभर तुझी लेबलं बघतोय मी. एक चुकलेलं नाही. असा माणूस मिळत नाही. बघ बुवा. घाई नाही.”

एवढं बोलून सर निघून गेले. स्वेटररावांनी नळी खाली ठेवली, टोपणं बसवली, लेबल चिकटवलं आणि मग कठडा धरून दहा मिनिटं समुद्राकडे बघत राहिले. लोकांना वाटलं, याला बोट लागली.

परत आल्यावर ते पहिल्यांदा सरांच्या घरी गेले, तेव्हा मुलीशी एक तासात एकच वाक्य बोलले. तिच्या पुस्तकांच्या कपाटाकडे बघत म्हणाले, “यावर काही लिहिलेलं नाही.” मुलगी खो खो हसली. तेवढ्यावर जमलं.

लग्न झालं आणि सर ‘अरे-तुरे’ वरून ‘अहो-जाहो’ वर आले. जावयाला तू कसं म्हणणार? “जावईबापू, तुम्ही बसा. जावईबापू, तुम्ही घ्या.” स्वेटरराव मात्र सरांना ‘सर’च म्हणत राहिले, ‘बाबा’ म्हणायला तोंड उघडलं की त्यांना खिडकी आठवायची. आणि त्या सफरीतली चौथी नळी त्यांची खास झाली. रोज सकाळी फेरी मारताना तिच्यावर बोटानं दोनदा टकटक करायचे. कुणी पाहिलंच, तर टोपण घट्ट आहे का बघतोय, असा चेहरा करायचे.

आता सरांच्या दाताचं सांगायला हवं. तोंडातल्या नव्हे, ते सगळे कधीच गेले होते. त्याच सफरीतल्या नळ्यांमधली कवचं मोजून सरांनी जो आलेख काढला, त्याला जगभर ‘दात’ म्हणायचे. हिमयुग ओसरत होतं त्या काळचा तो गाळ. पाचव्या नळीपर्यंत समुद्र गार. चौथी नळी सुरू होताच एकदम उबदार. मग त्या नळीभर पुन्हा हळूहळू गार होत गेलेला. आणि तिसरी सुरू होताच परत एकदम उबदार. कागदावर काढलं की करवतीच्या दातासारखं दिसायचं. समुद्रानं एक उडी मारली, मग तो कचरला, मागं आला आणि पुन्हा उडी मारली, असं सरांनी मांडलं, आणि ते गाजलं. पाठ्यपुस्तकांत आलं. परीक्षेत ‘सरांचा दात काढा व स्पष्टीकरण द्या’ असा दहा गुणांचा प्रश्न यायचा आणि मुलं गंभीर चेहऱ्यानं काढायची.

सर आता एक्याऐंशीचे झाले होते. संस्थेनं नव्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव द्यायचं ठरवलं, आणि तिच्या दर्शनी भिंतीवर नऊ फुटी पोलादी दात बसवून घेतला. समारंभ शुक्रवारी अकरा वाजता. सर भाषण लिहीत होते. सतरा पानं झाली होती आणि अजून समुद्र गारच होता.

सोमवारी स्वेटररावांना एक मेल आला. दुसऱ्या एका संस्थेतल्या संशोधक बाईंचा. आम्ही तुमच्या जागेपासून बारा किलोमीटरवर नवी नळी काढली आहे, त्यांनी लिहिलं होतं. आमच्याकडे दात दिसत नाही, नुसता गारपासून उबदारपर्यंत सरळ चढ दिसतो. नक्कीच आमचंच काहीतरी चुकत असणार. तरी तुमच्या चौथ्या नळीचा एक फोटो पाठवाल का, विशेषतः राखेच्या पट्ट्याचा? आमच्या पट्ट्याचा फोटो सोबत जोडला आहे. शेवटी ‘आपली कृपाभिलाषी’ असं होतं. स्वेटररावांना मजकूर आवडला. हल्ली इतकं नम्र कोण लिहितं!

त्यांनी चौथी नळी उतरवली. प्रत्येक नळी उभी चिरून तिची अर्धी बाजू कामाला वापरतात आणि अर्धी हात न लावता ठेवून देतात. ही ठेवलेली बाजू चौतीस वर्षं प्लास्टिकमध्ये गुंडाळून होती. मोजणी सगळ्या जगानं वाचली होती, गाळ मात्र कुणी उघडून बघितला नव्हता. त्यांनी प्लास्टिक सोडवलं, दिवा खाली ओढला आणि कॅमेरा लावला.

राखेचा पट्टा बोटभर रुंद होता. कुठंतरी ज्वालामुखी फुटतो, राख समुद्रावर पडते आणि चार-आठ दिवसांत तळाशी जाऊन बसते. ओट्यावर पीठ सांडावं तशी. तिची खालची कड नितळ असते, रेघ मारल्यासारखी. पुढं वर्षानुवर्षं तळातले किडे गाळ उकरतात आणि राख वर वर ओढत नेतात, म्हणून वरची कड विस्कटलेली. असे शेकडो पट्टे स्वेटररावांनी बघितले होते. खाली रेघ, वर विस्कट. त्यात कधी बदल नाही.

या पट्ट्याची रेघ निळ्या टोपणाच्या बाजूला होती.

स्वेटरराव स्टुलावर बसले. मग उठून त्यांनी नळी फिरवली. पट्टा बरोबर दिसायला लागला. परत फिरवली, पट्टा चुकला. असं त्यांनी चारदा केलं. पट्ट्यानं आपलं म्हणणं बदललं नाही.

मग त्यांनी मोजणीची जुनी वही काढली. चौथ्या नळीच्या निळ्या टोकाला शंभरात एक्याण्णव कवचं डावी. आणि पाचव्या नळीच्या अगदी वर? ब्याण्णव. चौथीच्या पांढऱ्या टोकाला अकरा. तिसरीच्या अगदी तळाला? दहा. मोडलेल्या बशीचे तुकडे जुळावेत तशी टोकं जुळत होती, फक्त नळी उलटी केली तर. त्यांनी चौथीचे आकडे खालून वर लिहिले आणि पेन्सिलनं आलेख काढला. दात गेला. राहिला नुसता चढ. कृपाभिलाषी बाईंच्या नळीत होता, अगदी तसाच. वय काढायचे नमुने त्या काळी सरांनी दुसऱ्या आणि सहाव्या नळीतून घेतले होते. मधल्या चौथीला तिचं वय कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणजे समुद्रानं उडी मारलीच नव्हती. उडी मारली होती स्वेटररावांनी, नळी छातीशी धरून, लग्नाचं ऐकून. ते वळले तेव्हा नळीही वळली, डावं टोक उजवीकडे गेलं, आणि त्यांच्या हातांनी नेहमीसारखं डावीकडे निळं नि उजवीकडे पांढरं टोपण बसवून टाकलं. आयुष्यातला सगळ्यात सुखाचा क्षण म्हणून जो त्यांनी इतकी वर्षं जपला होता, त्या क्षणी आपले हात काय करत होते ते त्यांना आज कळलं. त्यांना रडू आलं. चार अंशांत रडू आलं की नाक जास्त वाहतं, बाकी फरक नाही.

संध्याकाळी बायकोनं चहा पुढं ठेवला आणि विचारलं, “चेहरा का असा?”

“चौथी नळी उलटी आहे.”

तिचं सगळं आयुष्य गाळाच्या माणसांत गेलेलं, आधी बापाच्या घरी आणि मग नवऱ्याच्या. तिला समजावून सांगावं लागलं नाही. “म्हणजे बाबांचा दात?”

“गेला.”

“टोपण कुणी लावलं होतं?”

स्वेटरराव समोरच्या बरणीवरचं ‘चहा’ हे लेबल वाचत बसले.

“अगंबाई!” ती म्हणाली. “म्हणजे बाबांनी ज्या लेबलांवर मला दिलं, त्याच दिवशीचं लेबल चुकलं?”

“त्याच मिनिटाचं.”

तिनं साखरेची बरणी जागेवर ठेवली. “मग आता मी इथं राहू की परत जाऊ?”

“थट्टा करू नकोस.”

“मग काय करू? रडू? तुम्ही ते उरकून आलाय. नाक लाल आहे.” तिनं त्यांचा कप त्यांच्या हातात दिला. “हे बघा, शुक्रवार होऊन जाऊ दे. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, एक दिवस मिरवू दे की. शनिवारी सांगा.”

“शुक्रवारी ते दोनशे माणसांसमोर उभं राहून सांगणार, समुद्रानं पाऊल मागं घेतलं. मी पहिल्या रांगेत. आणि शनिवारी त्यांना कळणार की मला सोमवारपासून माहीत होतं.”

“आणि आधी सांगितलंत तर?”

“तर संपलं.” स्वेटररावांनी कप खाली ठेवला. “सर जगाचं काम तपासतात. तुझ्या भावाचं पत्र आलं तरी लाल पेन्सिल घेऊन बसतात. माझं एक लेबल त्यांनी आजवर तपासलेलं नाही. ‘जावईबापूंनी लावलंय ना? मग झालं.’ माझ्याजवळ दुसरं काय आहे गं? ना पदवी, ना शोध. तेवढं एक वाक्य आहे.”

बायकोला यावर थट्टा सुचली नाही. ती म्हणाली, “सकाळी लवकर जा. भाषण अठराव्या पानावर जायच्या आत.”

मंगळवारी सकाळी ते सरांकडे गेले, तर भाषण तेविसाव्या पानावर होतं.

“या, जावईबापू! अगदी वेळेवर आलात. बसा, ऐका.” सरांनी चष्मा नाकावर सरकवला आणि वाचायला सुरुवात केली. एक पान झालं, दुसरं झालं. पाच पानं स्वेटरराव खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होते. समुद्र उबदार झाला, मग कचरला. सरांचा आवाज त्या जागी दरवेळी थोडा हलायचा, आणि आजही हलला.

“सर,” स्वेटरराव म्हणाले, “जरा खोलीत येता का? एक दाखवायचंय.”

“आत्ता? इथंच सांगा की. तुम्ही म्हणाल ते खरं.”

“नको, सर. ते तेवढं म्हणू नका. तुम्ही डोळ्यांनी बघा.”

तळघराच्या दाराशी आल्यावर स्वेटररावांनी स्वेटर काढला आणि सरांच्या अंगात घातला. मग नुसत्या शर्टावर पुढं झाले. पहारेकऱ्यानं त्यांना अडवून ओळखपत्र मागितलं. सरांकडे बघून म्हणाला, “जा, स्वेटरराव.” त्याची नजर तशीही अधूच होती.

आत नळी टेबलावर उघडी होती. स्वेटररावांनी बाईंच्या नळीचा फोटो शेजारी ठेवला आणि भिंग सरांच्या हातात दिलं. सर वाकले. फोटो बघितला, पट्टा बघितला, परत फोटो बघितला. गार हवेच्या यंत्राची घरघर तेवढी चालू होती.

“फिरवा,” सर म्हणाले. स्वेटररावांनी नळी फिरवली. “परत फिरवा.” फिरवली. असं चारदा झालं.

मग सरांनी वही मागितली. बोट ठेवून आकडे वाचले. एक्याण्णव, ब्याण्णव. अकरा, दहा. वही मिटली आणि त्यांनी निळ्या टोपणावर हात ठेवला.

“ही नळी तू बंद केलीस?”

तू! चौतीस वर्षं स्वेटरराव जावई होते, एका शब्दात पुन्हा सहा महिन्यांचे नोकर झाले.

“हो, सर. तुम्ही मागून हाक मारलीत. मी वळलो, नळीही माझ्याबरोबर वळली. तशीच टोपणं लावली.”

“मी काय म्हणालो होतो?”

“लग्नाचं विचारलंत.”

सरांनी टोपणावरचा हात काढला. “कामाच्या वेळी विचारायला नको होतं,” ते म्हणाले.

“चूक माझी आहे, सर.”

“टोपणाची तुझी.” सरांनी खिशातून भाषण काढलं आणि त्यातलं आलेखाचं पान टेबलावर पसरलं. “आता हे बघ. एक उडी इथं, एक उडी इथं. नळी नेमकी जिथं कापली, तिथंच दोन्ही. समुद्राला आपली करवत कुठं चालणार ते पंधरा हजार वर्षं आधी कळलं होतं का? कुठल्या विद्यार्थ्यानं हे माझ्यासमोर आणलं असतं, तर काय केलं असतं मी?”

“खिडकीतून...”

“खिडकी बंद होती!” सर ओरडले. मग एकदम मऊ झाले. “मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं रे. म्हटलं, नळी उलटी तर नाही ना? उठून बघायला निघालो होतो. मग म्हटलं, लेबल याचं आहे, हा चुकत नाही. आणि बसलो खाली. खरं सांगू? बघायचंच नव्हतं मला. फार देखणा दात होता.”

त्यांनी बाहीनं डोळे पुसले. बाही स्वेटररावांची होती. स्वेटरराव नुसत्या शर्टात थंडीनं लटलट कापत होते.

त्या दिवशी सर घरी गेले नाहीत. म्हणाले, आकड्यावर माझा विश्वास नाही आणि तुझ्यावर तर आता नाहीच नाही, नवे नमुने दे. चौथ्या नळीच्या दोन्ही टोकांचा चिमूट-चिमूट गाळ धुऊन त्यांच्यापुढं आला. हात थरथरायचा, ब्रशच्या टोकाशी आलेलं कवच निसटून जायचं; ते शिवी हासडायचे आणि परत वेचायचे. मंगळवार गेला, बुधवार गेला. मुलगी डबा घेऊन यायची आणि बापाशेजारी बसून डावी-उजवी लिहून घ्यायची. दोन्ही टोकांची तीनशे-तीनशे झाली. एकीकडे शंभरात एक्याण्णव डावी आली, दुसरीकडे बारा. “एक वाढलं,” सर म्हणाले, “तो माझा हात.” मग कृपाभिलाषी बाईंना फोटो गेला, आकडे गेले, आणि शुक्रवारचं बोलावणंही गेलं.

गुरुवारी वेल्डर आला. सरांनी त्याला भिंतीवरच्या दाताचा मधला तुकडा दोन्ही बाजूंनी कापायला सांगितला आणि उलटा करून जोडायला सांगितला. दोन तासांत काम झालं. वेल्डर मागं सरून बघत म्हणाला, “आता कसा सरळ चढ झाला. म्हणजे आधी नकाशाच चुकीचा दिला होतात होय?” सर म्हणाले, “हो.” तो जोड घासून गुळगुळीत करणार होता, तर म्हणाले, राहू दे तसाच, दिसू दे.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता सर तळघरात हजर. अंगात स्वतःचा कोट, गळ्यात मफलर, खिशात दोन पानांचं भाषण. खोलीचा नियम असा की जुनं लेबल बदलायचं तर सफरीच्या प्रमुखाची सही लागते. त्या नियमाचा फॉर्म स्वेटररावांनीच तयार केला होता आणि आजवर तो कधी लागला नव्हता. त्यांनी तो पुसून टेबलावर ठेवला.

“लिही,” सर म्हणाले.

“मी, सर?”

“मग काय मी लिहू? माझं अक्षर कुणाला लागतं?”

स्वेटररावांनी टोपणं काढून अदलाबदल केली. नवं लेबल घेतलं. सफर, नळी चार, वर, खाली, तारीख. जुन्या लेबलावर एक आडवी रेघ मारली, त्यांच्या हातून मारली गेलेली पहिलीच, आणि शेजारी लिहिलं, ‘चुकलं होतं’, आणि खाली आपलं खरं नाव. लेबल चिकटवून ते नेहमीसारखे बाजूला झाले. सर आता सही करतील आणि जातील.

सरांनी सही केली नाही. चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि लेबलावर बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. मग वाकून पट्टा बघितला. रेघ खाली, विस्कट वर. निळं टोपण कुठं आहे ते बघितलं, पांढरं कुठं ते बघितलं. पोरानं लिहिलेली पाटी तपासावी तसं सगळं बघून झाल्यावर म्हणाले, “बरोबर आहे.” आणि मग सही केली.

आपलं काम कुणी न तपासणं हाच मान, असं स्वेटरराव इतकी वर्षं धरून चालले होते. तपासून घेताना इतकं बरं वाटतं, हे त्यांना माहीतच नव्हतं.

“रोज हिच्यावर टकटक करायचास म्हणे?” सर म्हणाले.

“कोण म्हणालं?”

“तुझी बायको. तिला लग्नाआधीपासून सगळं माहीत असतं.” सरांनी स्टूल पुढं ओढलं आणि ऐसपैस बसले. “हं. पुढची काढ.”

“पुढची म्हणजे?”

“पाचवी. मग सहावी. चार हजार आहेत ना? माझी हयात असेतो जेवढ्या होतील तेवढ्या. यापुढं मी बघितल्याशिवाय तुझी एक नळी फळीवर जाणार नाही.”

“सर, अकराला समारंभ आहे. लोक येऊन बसतील.”

“आत्ता सव्वानऊ झालेत,” सर म्हणाले. “काढ.”

स्वेटररावांनी पाचवी नळी उतरवली, छातीशी आडवी धरली, आणि या वेळी न वळता, उलट्या पावलांनी मागं चालत, टेबलापर्यंत आणली. सर लाल पेन्सिलीला टोक करत होते.